कॅरमबोर्डावरची नवी सभासद

वडील पॉइंट्समन होते तोवर नांदेडच्या रेल्वे कॉलनीतल्या क्लबाचे सभासद होते. वर्गणी पगारातूनच कापली जायची. ते गेले आणि सभासदत्व संपलं. पुढे आईला अनुकंपा तत्त्वावर हेल्परची नोकरी लागली आणि तिच्या पगारातून तीच कपात सुरू झाली. नियमाप्रमाणे ती सभासद होती. क्लबातल्या माणसांना ते मान्य नव्हतं.

बायका तिथं यायच्या त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. एरवी हॉल पुरुषांचा. आईला कॅरम खेळायचा होता. अहमदपूरला माहेरी ती भावांबरोबर खेळत मोठी झालेली. एका संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ती सरळ हॉलमध्ये गेली. मी सोबत होतो. कॉलेजात शिकत होतो, म्हणजे क्लबाच्या भाषेत सभासदाच्या घरचा माणूस.

हरेल त्यानं उठायचं, रांगेतल्या पुढच्यानं बसायचं, अशी तिथली रीत. आईची पाळी आली तेव्हा जिंकलेला गार्डही उठला. त्याला पाणी प्यायचं होतं. तो परत आला नाही. बाकीचे बाकावर मोबाइल बघत बसले. वहिनींना कॉलनीत भजनी मंडळ नाही का, असं एकानं विचारलं, दोघे हसले. सभासदाला बोर्डावर बसता येत होतं. त्याच्यासमोर कुणी बसलंच पाहिजे, असा नियम नव्हता.

शेवटी मी समोर बसलो आणि सोंगट्या लावल्या. तसे सेक्रेटरी आले. वडिलांबरोबर नोकरी केलेले, आमच्या घरी जेवलेले. ते आईशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. सभासद थांबलेले असताना घरच्यांनी बोर्ड अडवायचा नाही, नियम भिंतीवर लावलाय, म्हणाले. खरंच लावलेला होता. मी उठलो.

"कोण थांबलंय, भाऊ?" आईनं विचारलं.

त्यांनी बाकाकडं हात केला. "हे काय, सगळे थांबूनच राहिले की."

"मग एकाला बसा म्हणा. मी बी थांबूनच राहिले."

बाकावरचं कुणी हललं नाही. सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "वहिनी, हे बरं दिसत न्हाई."

"वहिनी घरी म्हणा. इथं माझी वर्गणी कापली जाती."

सेक्रेटरी स्वतःच तिच्यासमोर बसले. खेळ संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. राणी आईनं घेतली, डाव त्यांनी जिंकला. आई रीतीप्रमाणे उठली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिच्या शेजारचा माणूस उठून खिडकीपाशी उभा राहिला.

थोड्याच दिवसांत मागच्या सामानाच्या खोलीत एक जुना बोर्ड टाकला गेला. दारावर पाटी लागली: महिला सभासद. क्लबात महिला सभासद एकच होती. ती त्या खोलीत कधी गेली नाही. हॉलमध्ये तिची पाळी आली की खेळ बंद पडायचा आणि ती उठेपर्यंत बंद राहायचा. हॉलच्या दाराला कुलूप लावायची वेळ होईपर्यंत ती उठायची नाही.