बेदाण्याची मास्तरीण

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं तासगावजवळच्या आमच्या शेडमध्ये बेदाण्यातल्या काड्या निवडत बसलो होतो. वर जाळीवर दुसरा माल वाळत होता. मी म्हणालो, "पंधरा दिवस झालं. उद्या उतरवू." बायकोनं जाळीवरून मूठभर दाणे घेतले, दाबले, मूठ उघडली. "न्हाई. अजून दोन दिवस. दाणं सुटं होत न्हाईत."

"बरं मास्तरीणबाई," मी म्हणालो. वर्षभर असंच टोचून म्हणायचो.

मी दुसरी शिकलेला, ती चौथी. तरी वर्षभर सांगलीहून एक सर तिला विचारायला यायचे. त्यांना विद्यापीठात रसायन, शेती आणि व्यापार एकत्र शिकवणारी नवी पदवी काढायची होती. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "काकू, आमचे तीन विभागांचे तीन प्राध्यापक. पण बेदाणा तयार झाला कधी म्हणायचं, यावर एकमत होईना."

ती म्हणाली, "मग पोरास्नी तीन खोल्यांत कशाला कोंडताय? आधी एका शेडात हुबं करा."

सरांनी ते लिहून घेतलं. पुढं पहिलं सत्र शेडमध्येच घ्यायचं ठरलं.

बाग माझी, शेड माझी, जाळ्या मी बांधलेल्या. मीही सांगितलं होतं, पंधरा दिवस लागतात. सरांनी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "दिवस मोजून काय हुतंय? वारं कसं हाय ते बघायचं, मूठ दाबायची." यावर त्यांनी पानभर लिहिलं. त्या दिवशी चहात साखर कमी म्हणून मी तिच्याशी भांडलो. साखर बरोबर होती.

त्या शेवटच्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी तिला सांगलीत सगळ्या प्राध्यापकांपुढं बोलायचं होतं. काड्या निवडता निवडता म्हणाली, "आवं, तुमी बी चला की."

"मी काय तुझी पिशवी धरू?"

"धरा की एक दिस. चाळीस वर्षं मी तुमचा डबा धरलाच की."

मी मांडीवरच्या काड्या झटकून उठलो. हो म्हणायला माझं काय जात होतं.

पहाटे ती उठलीच नाही. दारात माणसं जमली आणि तिला न्यायला सरांची गाडी आली. सर हात जोडून उभे राहिले. मी त्यांना शेडमध्ये नेलं, हातात मूठभर दाणे दिले. "दाबा. आता उघडा." गोळा तसाच राहिला. गेली तरी खरं तिचंच झालं.

"लिहा," मी म्हणालो, "अजून दोन दिवस. आणि खाली तिचं नाव घाला."

सांगलीसाठी भरलेली तिची पिशवी खुंटीला होती. ती काढली आणि स्मशानापर्यंत हातात धरली.