साहेब स्वतः लिहितात

माझी नणंद मोबाईलवर लिहायला बसली की आधी वाक्य मोठ्याने म्हणायची, मग एका बोटाने टाइप करायची आणि पाठवण्याआधी पुन्हा एकदा म्हणून बघायची. त्यामुळे निवडणुकीच्या त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात उमेदवारच राहायला आल्यासारखं वाटायचं. मी भाजी चिरत असायची आणि पाठीमागून आवाज यायचा, "नमस्कार. तुमची अडचण वाचली. मला अजून थोडं सांगाल का?" आमचे हे एकदा म्हणाले, ताई, एवढ्या प्रेमाने तू आमच्याशी कधी बोलली नाहीस. वन्सं हसल्या नाहीत. कामाच्या बाबतीत त्यांना चेष्टा चालत नाही, आणि बाकीच्या बाबतीतही फारशी चालते असं नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात तक्रारींच्या खिडकीवर काढली. कुणी उसवलेला शर्ट, कुणी रंग गेलेली चादर घेऊन तावातावाने यायचं. वन्सं सगळं ऐकून घ्यायच्या, "बघते, काळजी करू नका" म्हणायच्या, चिठ्ठी लिहून वरच्या मजल्यावर पाठवायच्या, आणि वरून खरोखर माल बदलून यायचा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झाला. त्यांची अशी पक्की समजूत होती की तक्रारीची खिडकी म्हटली की तिच्या वर एक मजला असतोच.

साहेबांचे पीए त्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. साहेब निवडणुकीला उभे राहिले तेव्हा पीएंना वन्सं आठवल्या. त्यांनी वन्संना प्रचाराच्या ऑफिसात बोलावून घेतलं. ऑफिस म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं शोरूम. काचेवर साहेबांचे फोटो, आत लांब टेबलं, चार्जरच्या वायरींचा गुंता आणि जिकडे तिकडे चहाचे कागदी कप. तोवर तिथून सगळ्या मतदारांना एकच मेसेज जायचा. विकासाला मत द्या, आणि खाली हात जोडलेले साहेब. त्याला कुणी उत्तर देत नसे, आणि दिलं तर ते घरी सांगण्यासारखं नसे. वन्संनी तो वाचला आणि विचारलं, यात उत्तर देण्यासारखं आहे काय? माणसाला काहीतरी विचारा तरी. मग त्यांनीच लिहून दिलं, "नमस्कार. तुमच्या रस्त्यावरची एकच गोष्ट बदलता आली, तर कोणती बदलाल?" फोटो काढून टाकायला लावला. जेवणाच्या वेळी पाठवायचं नाही. मोबाईल न उघडता वरच्या वर वाचता येईल एवढंच लिहायचं. ज्याने उत्तर दिलं त्याला तासाभरात उत्तर गेलं पाहिजे, आणि ते त्याने लिहिलंय त्यालाच धरून. आठवडाभरात एवढी उत्तरं यायला लागली की पीएंनी वन्संना डोक्यावर घेतलं.

उत्तर देणाऱ्या माणसांचे तीन भाग करायचे होते. आपले, त्यांचे आणि काठावरचे. आपल्यांना धन्यवाद, त्यांच्या वाटेला जायचं नाही, आणि काठावरच्यांशी बोलत राहायचं. हे काठावरचे वन्संकडे आले. लिहायचं अर्थात साहेबांच्या नावाने. प्रत्येक अडचणीची वन्सं चिठ्ठी करायच्या आणि पीएंच्या टेबलावर ठेवायच्या. घरी आल्या की समाधानाने सांगायच्या, आजच्या सगळ्या वर गेल्या. वर म्हणजे कुठे, असं मी एकदा विचारलं. तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे, असं उत्तर मिळालं. ती आहेच.

या काठावरच्यांत एक घड्याळवाले होते. दुकान मुलाने विकलं, मुलगा लांब गेला, आणि आता हे आणि यांची बायको. बायकोला डायलिसिससाठी एक दिवसाआड बसने हॉस्पिटलात न्यावं लागायचं. पाण्याच्या टाकीसमोरच्या स्टॉपवर पूर्वी बाक होता. रस्ता रुंद केला तेव्हा तो उचलून नेला आणि परत कुणी आणून ठेवला नाही. बस कधी येईल याचा नेम नाही. तिला डाव्या गुडघ्याचाही त्रास. ती खांबाला धरून उभी राहते. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "एक बाक हवा. रंग दिला नाही तरी चालेल."

वन्संना ते फार लागलं. लिफ्ट, रस्ते, पाणी मागणारे पुष्कळ होते, पण रंग नसला तरी चालेल म्हणणारा हा एकच. त्यांचं बोलणं सुरू झालं. काही दिवसांनी घड्याळवाल्यांनी विचारलं, साहेब, हे तुम्ही स्वतः लिहिता का? वन्सं मोबाईल घेऊन पीएंकडे गेल्या. पीए म्हणाले, हो लिहा, सगळीकडे असंच चालतं. बाकाचं काय लिहू, तर तेही लिहा, लिहा. वन्संनी लिहिलं, "हो, मीच लिहितो. निवडून आलो की पहिलं काम तुमच्या बाकाचं." त्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी हे वाक्य मोठ्याने म्हटलं नाही. मला ते नंतर कळलं.

साहेब निवडून आले. आठवडा उलटायच्या आत शोरूमला कुलूप लागलं. ऑफिसचा मोबाईल वन्संकडे राहिला होता, तो हळूहळू बंद करा, असं पीएंनी सांगितलं. आभाराचा शेवटचा मेसेज सगळ्यांना गेला. घड्याळवाल्यांचं उत्तर लगेच आलं. "अभिनंदन साहेब. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी तुम्हालाच दिलं. बाकाची घाई नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घाई नाही म्हणणाऱ्या माणसाचं करायचं काय? वन्सं पीएंकडे गेल्या, पीए मीटिंगमध्ये. पुन्हा गेल्या, पुन्हा मीटिंग. मग सरळ साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसल्या. साहेबांनी हात जोडले, नाव विचारलं, आणि बाक कुठल्या खात्यात येतो ते पीएंना विचारून घ्या म्हणाले. ज्या बाईने महिनोन्महिने त्यांच्या तोंडाने गावाशी बोलणं केलं, तिला ते ओळखत नव्हते. मला संताप आला. वन्संना संताप येत नाही, त्यांचा फक्त चेहरा लहान होतो.

मग मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागले. बसवाले म्हणाले, फूटपाथ आमचा नाही. फूटपाथवाले म्हणाले, स्टॉप आमचा नाही. पालिकेतल्या एका बाईंनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, लोकप्रतिनिधीचं पत्र आणा, लगेच होईल. बाहेर आल्यावर वन्सं जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "पत्र मी चांगलं लिहिते गं. पण आता सही कुणाची करू?"

शेवटी माझंच डोकं चाललं. आमच्या गच्चीवर एक लोखंडी बाकडं पडून होतं. हातगाडी करून ते आम्ही स्टॉपवर नेऊन ठेवलं. घड्याळवाल्यांचा मेसेज आला, साहेब, बाक आला, देव तुमचं भलं करो. वन्संचा जीव भांड्यात पडला, त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या. चौथ्या दिवशी पालिकेची गाडी आली आणि बाकडं अतिक्रमण म्हणून उचलून घेऊन गेली. त्याबद्दल घड्याळवाल्यांनी लिहिलं, "बाक दुरुस्तीला नेला वाटतं. आज ती फूटपाथवरच बसली, उठवायला दोघं लागले. तुम्ही कामात असाल."

वन्सं ते वाचून आत गेल्या आणि पडून राहिल्या. मी चिडून म्हटलं, तो मोबाईल फेकून द्या. त्या म्हणाल्या, मी थांबले तर त्यांना वाटेल साहेबांनी तोंड फिरवलं, आणि लिहीत राहिले तर मी रोज फसवतेय. दोन्हीकडून मीच. मग उठून बसल्या आणि म्हणाल्या, उद्या त्यांची हॉस्पिटलची पाळी आहे, मी जाऊन खरं सांगते, तू बरोबर ये.

सकाळी स्टॉपवर ते दोघं होते. खांब उन्हाने तापला होता, म्हणून बाईंनी त्याला रुमाल गुंडाळून तो दोन्ही हातांनी धरला होता. घड्याळवाले शेजारी पिशवी घेऊन उभे होते, बारीक अंगाचे, इस्त्रीच्या शर्टातले. वन्सं बाईंजवळ गेल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डावा गुडघा फारच दुखतोय का आज?"

घड्याळवाल्यांच्या काही लक्षात आलं नाही. कुणी आपुलकीने विचारतंय एवढ्यानेच ते खुलले. त्यांनी मोबाईल काढला आणि वन्संनाच वन्संचे मेसेज वाचून दाखवायला सुरुवात केली. "हे बघा, साहेब स्वतः लिहितात. एवढा मोठा माणूस, पण हिची चौकशी केल्याशिवाय राहत नाही. आमच्या मुलालाही एवढं जमत नाही." बाई मात्र वन्संकडे बघत राहिल्या होत्या. डाव्या गुडघ्याचं त्यांनी आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

वन्सं म्हणाल्या, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं." तेवढ्यात बस आली. घड्याळवाले पिशवी सांभाळत पुढे पायरीशी गेले. बाईंनी खांब सोडून वन्संचा हात धरला. पकड घट्ट होती, त्या हाताला पट्टी होती.

"त्यांना सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मी उभी राहीन. त्यांच्याशी दुसरं कुणी बोलत नाही."

मग आम्हीच त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसमध्ये चढवलं. बस निघाली. थोड्या वेळाने वन्संच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. त्यांनी वाचलं आणि माझ्या हातात दिला.

"साहेब, आज स्टॉपवर दोन बायका भेटल्या. फार मायाळू. त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. पुढच्या वेळी त्यांचीही मतं आपली धरा."

आता तासाभरात उत्तर जायला हवं होतं. काय लिहू, असं वन्संनी मला विचारलं. आधी जरा बसा म्हणावं तर बसायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांना खांबाजवळ नेलं आणि खांब धरायला दिला.