अर्ध्या वितीवरची काडी

फोन शाळेत आला, मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत. पलीकडे अण्णांच्या शेजारचे गृहस्थ होते. "अण्णा गेले," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुणी पाहिलं? श्वास थांबलाय हे नीट कुणी पाहिलं?" ते बिचारे गडबडले. नंतर बसमध्ये बसल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण माझ्या थोरल्या भावाने मला जन्मभर हेच शिकवलं होतं. कुणी सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही, आपण जाऊन छातीकडे बघायचं. मी जाऊन बघितलं. खरं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

अण्णा शहरातल्या एका छातीच्या इस्पितळात श्वास मोजायच्या खोलीत कामाला होते. कॉलेजात असताना मी एकदा तिथे गेले होते. पाण्याने भरलेली टाकी, तिच्यात उपडी तरंगणारी पत्र्याची टोपी, आणि आतून बाहेर आलेली रबरी नळी. पेशंटने नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून हवा घ्यायची आणि नळीत अगदी शेवटपर्यंत सोडायची. टोपी वर उचलली जायची आणि फिरत्या कागदावर लेखणी रेघ ओढायची. सगळे त्या रेघेकडे बघायचे, अण्णा मात्र पेशंटच्या पोटाकडे. फुप्फुसाला स्वतःचा जोर नसतो, ते म्हणायचे. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली ओढला जातो, बरगड्या उघडतात, म्हणून हवा आत येते. त्यामुळे लबाडी करायची तर माणूस तिथेच करणार. कुणाला हलकं काम हवं असतं, तो अर्धाच फुंकतो. कुणाला दुखणं लपवायचं असतं, तो खोकला गिळतो. "तीनदा फुंकायला लावायचं," अण्णा सांगायचे, "खऱ्याची रेघ तिन्ही वेळा जवळजवळ तीच येते." आणि कितीही जोर लावला तरी लिटरभर हवा आत उरतेच, ती कुणालाच बाहेर काढता येत नाही, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. सगळं जग काहीतरी राखून ठेवतं असं त्यांना वाटायचंच, त्याला फुप्फुसांनीही दुजोरा दिला होता.

स्वतःच्या फुप्फुसांवर मात्र त्यांचा कधी संशय गेला नाही. दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणारा हा माणूस त्या नळीत स्वतः एकदाही फुंकला नाही, हे वहिनींनी मला सांगितलंय.

आमचं घर बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि भांडणात दोन्ही. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं लग्न जमवणं अण्णांकडे आलं. त्या काळी क्षयाचं दुखणं लपवून लग्नं लावून देत, आणि अण्णांनी अशी दोन-तीन जोडपी इस्पितळात पाहिली होती. स्थळ आलं की पत्रिका राहायची बाजूला, अण्णा मुलाच्या घशाखालच्या खळग्याकडे टक लावून बसायचे. मला हसू यायचं… तेव्हा यायचं.

बेंगळुराजवळच्या आनेकलचे माधवराव आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तिथल्या शाळेत ते गणित शिकवत. बोलणं मोजकं, पण माझ्याकडे बघून बोलत, माझ्या भावाकडे बघून नव्हे. मला ते आवडले, हे आज इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. चिवडा झाला, कॉफी झाली. अण्णा इस्पितळातल्या डॉक्टरांकडून नवीनच एक परीक्षा शिकून आले होते. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली आणि माधवरावांच्या तोंडापुढे अर्ध्या वितीवर धरली.

"ओठांचा चंबू करायचा नाही. तोंड उघडं ठेवून विझवा," अण्णा म्हणाले.

माधवरावांनी आपल्या वडिलांकडे पाहिलं. मग हलकेच हुश्श केलं. ज्योत जरा वाकली आणि पुन्हा सरळ झाली. अण्णांनी दुसरी काडी ओढली, मग तिसरी. तिसरी बोटाला चटका देईपर्यंत जळली. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पाहुणे गेल्यावर अण्णा कन्नडात "सरी" म्हणाले, म्हणजे ठरलं. "तिन्ही वेळा तेच. श्वासनळ्या आवळल्यात त्याच्या. हवा जोराने बाहेर पडतच नाही." त्याच संध्याकाळी त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं.

पुढे स्थळं येईनाशी झाली. आमच्या लोकांत बातमीला पाय लागतात. भाऊ काड्या ओढतो म्हणे, मुलांना फुंकायला लावतो म्हणे… मी शाळेत शिकवत राहिले आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं करत राहिले.

तीन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी आनेकलला गेले. शाळेच्या मैदानात माधवराव मुलांबरोबर धावत होते. चार फेऱ्या झाल्यावर ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि धाप न लागता बोलायला लागले. लग्न झालं होतं, एक मुलगी होती. मला राहवलं नाही. "त्या दिवशी काडी कशी विझली नाही?" मी विचारलं.

ते ओशाळले. "आमच्यात अग्नीवर फुंकर घालत नाहीत. आणि मुलगी बघायला आल्यावर तर मुळीच नाही. तुमचे अण्णा वडीलधारे, त्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणून फुंकल्यासारखं केलं."

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही, संतापले. कारण आमच्यातही फुंकत नाहीत! आमच्या देवघरातलं निरांजन फुलाने शांत करतात. अण्णा त्याच घरात वाढलेले. त्यांना हे सुचलं नसेल? की सुचूनही बहीण घरात राहिलेली बरी, आईचं करायला कुणीतरी हवं, असा त्यांचा हिशेब होता? घरी येऊन मी तोंडावर विचारलं. अण्णांनी सिगारेट पेटवली आणि ते गच्चीवर गेले. तेव्हापासून मी त्यांच्या प्रत्येक गोष्टीत खोट शोधायला लागले. माझ्या वाढदिवसाला साडी आणली तरी वाटे, का आणली असेल?

गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. "हवा आत जाते गं," ते म्हणायचे, "बाहेर यायलाच अडते. आतली लवचिकता गेली." ते खिडकीपाशी खुर्चीत बसत आणि पुढ्यातल्या मेजावर तीन उशा रचून त्यांवर ओणवे होत. एका श्वासात तीन-चार शब्द, मग थांबणं. शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी गेले तेव्हा वहिनी आत कॉफी करत होत्या. अण्णा आपणहून बोलले.

"सुमे, ती काडी… मला कळलं… दुसऱ्या दिवशी सकाळी. वहिनी निरांजन… फुलाने शांत करत होती… बघितलं मी… पण पत्र तोवर…"

आणि थांबले. उशांवर कपाळ टेकलं. पत्र तोवर टपालपेटीत पडलं होतं, की खिशातच होतं? मी वाट पाहिली. त्यांनी हाताने खूण केली, स्वल्प थांब. मग कॉफी आली.

खरंच श्वास पुरला नाही, की त्यांनी वाक्य मुद्दाम तिथे सोडलं? हा संशय घेऊन मी घरी आले. पण मला लिहायचंय ते बुधवारबद्दल. बुधवारी त्यांना उतार होता. ते सलग बोलत होते. कॉफीत चिकोरी जास्त झाली म्हणून वहिनींवर चिडले, माझ्या शाळेची चौकशी केली. एका शब्दाचं उत्तर द्यायला लागेल तेवढा श्वास त्यांच्याकडे नक्की होता. आणि मी त्यांना परीक्षेच्या पेपरांबद्दल सांगत बसले. शुक्रवारी ते गेले.

परवा मी त्यांच्या खोलीत गेले. उशा मेजावर तशाच आहेत, वहिनींनी उचललेल्या नाहीत. मधल्या उशीला कपाळाचा खळगा आहे. मी समोर बसले आणि वेड्यासारखं मोठ्याने विचारलं, "तोवर पत्र टाकलं होतं का, अण्णा?"

वहिनी दारात उभ्या होत्या, मला माहीत नव्हतं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ते पत्र पेटीत मीच टाकलं होतं. कधी टाकलं, सांगू?"

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भावाशी धड बोलले नव्हते, ते उत्तर माझ्यापासून चार पावलांवर उभं होतं. आदल्या संध्याकाळीच टाकलं म्हणाल्या असत्या, तर मी एका निरपराध माणसाला इतकी वर्षं छळलं. त्या सकाळनंतर टाकलं म्हणाल्या असत्या, तर माझा भाऊ मी आत्ताच गमावला असता, दुसऱ्यांदा. मला भीती वाटली.

"नको, वहिनी," मी म्हटलं.

त्या मान हलवून आत गेल्या. मी उशा उचलल्या नाहीत.