गोधडीतला टीव्ही

महाडच्या दुकानात मी टीव्हीवर सिनेमे बघायची डबी निवडत होतो. तेवढ्यात कापडे गावाहून एक आजोबा गोधडीत गुंडाळलेला अख्खा टीव्ही घेऊन आले.

"आजोबा, टीव्ही कशाला आणलात? डबी घरी जोडता आली असती," दुकानदार म्हणाला.

"इथंच लावून दाखव रे. रिमोटात बोललं की चालणारी दे. म्हातारीला वाचता येत नाय."

सिनेमा लागला. तरी त्यांनी डबी काढून पुन्हा स्वतःच्या हाताने लावून पाहिली.

मला हसू आलं. "अजून खात्री नाही पटली?"

"माझी पटली हाय. पण घरी डबी जरा अडली, तर म्हातारी लगेच 'राहू दे' म्हणेल," गोधडी नीट करत ते म्हणाले. "साडी घे म्हटलं तरी तेच, मुंबईला चल म्हटलं तरी तेच. यावेळी तिला म्हणायला जागाच ठेवायची नाय."