उंदीरकाकू आणि परक्या पेशी

शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळ. बनी पार्क, काकूंचं घर. उपस्थित : काकूंचा नागपूरचा भाचा, प्रयोगशाळेतले जुने सहकारी शर्माजी, मराठी मंडळाच्या आम्ही चौघी, आमचे हे. खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून शर्माजींनी शेजारच्या दोघांना बोलावलं. दुपारच्या आत सगळं आटोपलं.

उंदीरकाकूंसमोर कुणी तुलना केली, की ती मोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जन्माआधीच बाळाला रक्ताच्या मूळ पेशी दिल्या तर ते त्या स्वीकारतं का, यावर त्यांनी नोकरीभर उंदरांवर काम केलं. नाव त्यातूनच पडलं. मंडळाच्या कानोत्याच्या सहलीत मी म्हटलं, "म्हणजे काकू, कोमट दुधाला विरजण लावण्यासारखंच." हातातली पुरी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "काय बोलून राहिली तू? दूध कधी विरजणाशी भांडतं का? बाळ भांडू शकतं."

मंडळातली मुलं त्यांना काकूजी म्हणत. एकीनं विचारलं, "काकूजी, मतलब, उंदीर रडतात का?" "रडतात. पण तुझ्याएवढे नाही," काकू म्हणाल्या आणि तिला आणखी एक लाडू दिला.

गर्भाला आपलं-परकं कळत नाही, त्यामुळे त्या वयात दिलेलं सगळं चालतं, असं पूर्वी मानत. काकूंच्या पिंजऱ्यांत मात्र दुसऱ्या उंदराच्या पेशी दिलेली पुष्कळ पिल्लं जन्मानंतर त्या पेशी नाकारत. मग तशीच पिल्लं त्यांनी जन्मताच दुसऱ्या मादीच्या दुधावर वाढवून पाहिली. त्यांच्यात त्या पेशी टिकल्या. विरोध आईच्या शरीरात सुरू होऊन दुधातून पिल्लात उतरत होता. "म्हणजे आईच वैरीण?" आमच्यातल्या एकीनं विचारलं. काकू चिडल्या. "वैरीण कसली? ती पहारा करते. चोर आणि पाहुणा तिला सारखेच दिसतात." नंतर मलाच म्हणाल्या, "बघ, मीही तुलना केली. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं.

माझी मुलगी मीरा आणि जावई, दोघांमध्ये रक्ताचा एकच दोष आहे. दोघांनाही त्रास काही नाही, पण पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात कळलं की बाळात तो आजार पूर्ण उतरलाय. मीरा बंगळुरूहून इथे आली ती थेट काकूंकडे. "काकू, आईच्या पेशींना आईचं शरीर विरोध करत नाही ना? मग माझ्याच द्या बाळाला."

"बरोबर आहे तुझं," काकू म्हणाल्या. "उंदरांत ते चांगलं जमतं. माणसांत मोजक्या ठिकाणी आत्ता कुठे करून पाहताहेत. तुझ्या बाळासाठी अजून नाही."

"मग जन्मभर केलंत काय तुम्ही?"

मी मीराला दटावणार होते. काकूंनी हातानेच मला थांबवलं. "हेच. 'अजून नाही' कुठपर्यंत खरं आहे, ते शोधलं."

मीरानं बाळ जाऊ द्यायचं ठरवलं. दवाखान्यात दोन दिवस काकू तिच्याजवळ बसून होत्या. मी डबे, कपडे, औषधं बघितली. "माझंच रक्त वाईट," मीरा म्हणाली, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "रक्ताला वाईट-चांगलं नसतं, बाई. झोप." त्यानंतर दर रविवारी मीराचा फोन आधी काकूंना, मग मला. मला त्याचं काही वाटलं नाही. कामांची वाटणी झाली, इतकंच.

आता मीराला पुन्हा दिवस गेलेत. सोमवारी वारेतला बारीक तुकडा काढून याही बाळात तो आजार आहे का, ते तपासायचं आहे. "काकू म्हणाल्या तर करीन," असं तिनं डॉक्टरांना सांगितलं, आणि काकूंनी मागच्या रविवारी हो म्हटलं. काल, शुक्रवारी दुपारी त्या खुर्चीतच गेल्या.

जावई म्हणतात, "आई, तपासणी होईपर्यंत नका सांगू. ती ऐनवेळी नाही म्हणेल." आमचे हे म्हणतात, तूच ठरव.

भाच्यानं काकूंचा फोन माझ्याकडे दिला. चार्जिंगला लावलाय. दूधवाल्याला कळवलं, पेपर बंद केला, गॅसचा सिलिंडर शर्माजी परत करणार आहेत. उद्या रविवार. मीराला सांगायचं राहिलंय.