दहाव्या खोलीतलं जोडपं

मालेगाव जहांगीरात भागवत मॅनेजर म्हटलं की कोणत्या बँकेचा असं कोणी विचारत नाही. हा यात्रेचा मॅनेजर. सोयाबीन निघून लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळले की भागवत बस ठरवतो, पन्नास म्हातारेकोतारे भरतो आणि काशी, रामेश्वर, जगन्नाथपुरी फिरवून जसेच्या तसे परत आणतो. अठरा वर्षांत एकही म्हातारी हरवली नाही, याचा त्याला केवढा गर्व! पहाटे चारला शिट्टी, साडेचारला चहा, पाचला दर्शनाची रांग. मुक्कामी पोचलं की बायांचा हॉल वेगळा, माणसांचा वेगळा. बसच्या पोटात गॅस सिलिंडर आणि पिठाचे कट्टे. स्वयंपाकाला दोघी, भागवतची बायको पंचफुला आणि जवळच्या तांड्यावरची कमलीबाई.

‘माह्यी मंडळी चारी धाम करून आली,’ असं भागवत चारचौघांत सांगे. खोटं नव्हतं ते. फक्त लोक देवळात असत तेव्हा मंडळी धर्मशाळेच्या मागं पोळ्या लाटत असे. रामेश्वराचा समुद्र देवळाच्या कोणत्या अंगाला आहे, हे पंचफुलाला आजही सांगता येत नाही. तिथल्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, हे मात्र ती शपथेवर सांगेल.

तर अशा या माणसाच्या डोक्यात यंदा प्रेम शिरलं. शिरवलं वैभवीनं. वैभवी म्हणजे इंझोरीच्या रामरावांची सून. तिच्या नवऱ्याचं, विकासचं, मालेगावात बी-बियाण्याचं दुकान, आणि घर भागवतच्याच गल्लीत. ती एक दिवस म्हणाली, “काका, म्हाताऱ्याईलेच काय फिरवून राह्यले? आमाले न्या ना एखांद्या बेटावर. अंदमानले.”

“तिथं देव कोनता हाये?” भागवतनं विचारलं.

“देव नाई काका. समुद्र हाये. नवराबायकोनं जाचं, आठ दिवस राह्याचं.”

“आन् करतात काय तिथं आठ दिवस?”

वैभवी लाजली. भागवतला वाटलं, पोरीला माहीत नाही बिचारीला. आपणच कार्यक्रम आखून द्यावा.

आणि त्यानं आखला हो! आधी पत्रक छापलं. वर ‘श्री गणेशाय नमः’, खाली लाल बदाम, बदामात भागवतचा टोपीवाला फोटो. ‘फक्त प्रेमळ जोडप्यांसाठी! निळा समुद्र, पांढरी वाळू, घरगुती जेवण. ताट-वाटी व अंथरूण सोबत आणावे.’ नऊ जोडप्यांनी नावं दिली. एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावून त्यानं वेळापत्रक वाचायला घेतलं.

“पहाटे चारले उठाचं. साडेचारले च्या. पाचले समुद्रस्नान, बाया उजवीकडं, मानसं डावीकडं. नऊले पोहे. बाराले जेवन, दोन ते चार आराम. बायाईचा हॉल वरच्या माळ्यावर—”

“थांबा, थांबा,” विकास उठूनच उभा राहिला. “हॉल?”

“मंग? आपल्यात तसंच असते.”

“काका,” वैभवीनं तोंडाला पदर लावला, “मंग जोडप्यानं एकामेकासंग बसाचं कवा?”

भागवतनं यादीवर बोट फिरवलं. तीही सोय केलीच होती त्यानं, काही सोडलं नव्हतं. “संध्याकाळी साडेपाच ते सहा. वाळूवर. शिट्टी वाजली का उठाचं.”

घर हसून हसून लोळलं. शेवटी जोडप्यागणिक खोली यावर मांडवली झाली. भागवतनं ती मान्य केली खरी, पण आपल्या देखत काही अधर्म घडत असल्यासारखं तोंड करून.

दाराशी चहाचा ट्रे धरून पंचफुला हे ऐकत होती. हसत होती, पण तिच्या मनात भलतंच चाललं होतं. पत्रकावर लिहिलं होतं जोडप्यांसाठी. म्हणजे मॅनेजरचंही जोडपं आलंच की नाही? दुसऱ्याच दिवशी तिनं दोन पंजाबी ड्रेस शिवायला टाकले, जन्मात पहिल्यांदा. वैभवीला विचारून घेतलं, समुद्रात किती पाण्यापर्यंत जाऊ देतात. गल्लीत चार घरी सांगूनही आली, “मी बी चालली व, समुद्र पाह्यले.” नवऱ्याला तेवढं काही बोलली नाही. यादीत आपलं नाव आहे, हे तिला ठाऊक होतं.

नाव होतं. कुठं होतं, ते आता ऐका.

नागपूरचा अनुप म्हणून एजंट, विमानं आणि खोल्या तोच ठरवणार होता. भागवतनं त्याला फोन लावला. “अनुपभाऊ, विमानात सिलिंडर कोनत्या बाजूले ठेवतात?”

अनुप म्हणाला, “काका, विमानात सिलिंडर नेऊ देत नाहीत. आणि रिसॉर्टमध्ये जेवण त्यांचंच. तुम्ही नुसतं बसायचं आन् खायचं.”

“नुसतं बसाचं?” भागवतला ते कसंसंच वाटलं. पण कायदा तो कायदा. त्यानं यादी काढली. शेवटी लिहिलं होतं, ‘आचारी : १) पंचफुला २) कमलीबाई’. स्वयंपाकच नाही तर आचारी कशाला? त्यानं दोन्ही नावांवर आडवी रेघ मारली आणि चहा प्यायला निघून गेला. आपण बायकोचं नाव खोडलं, हे बापड्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. अठरा वर्षं ते नाव त्यानं त्याच रकान्यात लिहिलं होतं.

ती यादी वैभवीनं पाहिली आणि पंचफुलाच्या कानावर घातली. शिवून आलेले ड्रेस तिनं घडी करून फडताळात ठेवले, आणि त्या दिवशी भाजीत मीठ टाकायला विसरली. भागवतनं तेवढ्यावरून दोन शब्द ऐकवले.

चौथ्या दिवशी अनुपचा फोन. “काका, नऊ जोडप्यांवर दहावी खोली तुम्हाला फुकट. पण पॅकेज जोडप्याचं आहे, एकटा माणूस चालत नाही. दोन नावं पाठवा.”

आता आली का पंचाईत! दोन दिवस डोकं खाजवून भागवत स्वयंपाकघरात गेला. “काव, ऐकतं का? तुह्यं आधारकार्ड दे. तुले नेतो मी बेटावर.”

पंचफुला भाकर थापत होती. “काहून?”

“मले एकट्याले घेऊन नाई राह्यले ना थे.”

बाप रे बाप! अरे गड्या, एवढं खरं बायकोशी बोलू नये. नुसतं ‘चाल’ म्हणाला असता तरी ती माऊली हातचं पीठ न धुता निघाली असती. पण मॅनेजर पडला सत्यवादी.

पंचफुलानं भाकर तव्यावर टाकली. “कार्ड गेलं कालच. वैभवीनं अनुपले विचारून पाठवलं. दहाव्या खोलीत दोन नावं लागत होते, दोन देल्ले. माह्यं आन् कमलीबाईचं.”

“कमलीबाईचं?” भागवत ओरडलाच. “अव, थे जोडप्याईचं हाये!”

“मंग? अठरा वर्सं शेगडीपाशी माह्यासंग कोन बसलं? फोडनीचा ठसका कोनाले लागला? तुमी का कमलीबाई? सांगा ना, जोडी कोनाची झाली?”

भागवतनं अनुपला फोन करून तक्रार केली. अनुप म्हणाला, “काका, नावं दोन आली, माझं काम झालं. खोलीत कोण राहतं हे मी विचारत नाही.”

विमान हैदराबादहून होतं. वाशीमच्या स्टेशनावर तिकडची गाडी आली तेव्हा मॅनेजर पिशव्या उचलून द्यायला हजर होता. कमलीबाई नवं लुगडं नेसून, दागिने खणखणवत खिडकीशी बसली होती. पंचफुला जांभळ्या पंजाबी ड्रेसमध्ये. भागवतनं तिच्याकडं पाहिलं, परत पाहिलं, आणि त्याला वाटलं, ही अशी दिसते? गाडी गेली. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

घरी चार दिवस त्यानं स्वतःच्या हातची खिचडी खाल्ली, कधी करपलेली, कधी कच्ची. पाचव्या दिवशी त्याला राहवेना. दुपारी फोन लावला. पलीकडं वारा आणि कमलीबाईचं खदाखदा हसणं.

“जेवली का?” भागवतनं विचारलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा प्रश्न तीच त्याला विचारत आली होती.

“जेवली. गरम गरम. बसून,” पंचफुला म्हणाली. “दुसऱ्यानं वाढलं. मी आन् कमलीबाई पयल्या दिवशी रडलो जी ताटावर.”

भागवतला लाज वाटली, खरीखुरी. अठरा वर्षांत पंगतीला सगळे बसले का हे तो मोजून बघत असे, आणि वाढणारी जेवली का हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, “पुढच्या खेपेले मी बी येऊ का तुह्यासंग?”

समुद्राच्या गाजेवर तिनं आवाज चढवला.

“या ना,” पंचफुला म्हणाली. “पन कायले? स्वयंपाक तं येत नाई तुमाले.”