स्थळ बघायला आलेले साहेब

"स्थळ बघायला आलोय," असं म्हणत ते कुठल्याही चाळीत शिरायचे. इस्त्रीचा बुशशर्ट, बगलेत रेक्झिनची पिशवी आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापाची काळजी. तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या तोंडावर दार कोण लावील? खरं तर त्यांचं स्वतःचंच लग्न झालेलं नव्हतं.

ते आमच्या उपनगरातल्या कोर्टाचे प्रोबेशन ऑफिसर. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं, अशी कायद्यात सोय आहे. त्याआधी त्याच्या घरादाराची चौकशी करून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. तो गोपनीय अहवाल टाईप करायचं काम माझं. गिरण्या बंद पडल्याची ती वर्षं. कोर्टाच्या बाकांवर चोरासारखे न दिसणारे चोर वाढले होते.

"कोर्टातून आलो म्हटलं की शेजारी गप्प, आणि त्या घराची अब्रू जाते ती जातेच," ते म्हणायचे. "स्थळाची चौकशी म्हटलं की तीच माणसं पोराची किडलेली दाढसुद्धा सांगतात. घ्या लिहून, टाईपबुवा."

घाटकोपरच्या टेकडीवर राहणारा एक तिशीचा मालवणी माणूस होता. गिरणी गेल्यावर गोदामात हमाली करू लागला आणि तिथल्या पितळी तोट्या पिशवीत घालून निघताना पकडला गेला. गुन्हा कबूल केला, जामिनावर सुटला, पण आईला पत्ता लागू दिला नाही.

साहेब चाळीत पोचले. शेजारीण पोराबद्दल म्हणाली, "झील गुणाचो आसा. आवशीचे हात थरथरतत म्हणान जेवान तोच करता."

आत आईने स्थळाचं ऐकलं आणि थरथरत्या हातांनी स्वतः कांदेपोहे केले.

"तिला काय सांगणार? खाल्ले," साहेब मला म्हणाले. "मीठ दोनदा पडलं होतं हो." त्या माणसाला सोडावं म्हणून त्यांनी अहवालात जीव ओतला. टाईप करताना मीही एक खाडाखोड होऊ दिली नाही.

पण मला किस्से सांगायची भारी खोड. दुपारी कँटीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला, दोनदा पडलेल्या मिठासकट. सगळे हसले. सरकारी वकील जरा जास्तच हसला.

शिक्षेच्या तारखेला तोच उठला आणि आमच्या साहेबांकडे वळला. "साहेब, चाळीत काय म्हणून गेला होतात?"

चाळीचाळीत थापा मारणारा तो माणूस कोर्टात मात्र खोटं बोलू शकला नाही. "स्थळ बघायला आलोय म्हणून."

हशा पिकला. "स्थळ आलं की शेजारी कौतुकच करणार!" वकील म्हणाला. "मग या अहवालात राहिलं काय?" मॅजिस्ट्रेटांनी अहवाल बाजूला सारला. सहा महिने सक्तमजुरी.

आईला सांगायला साहेब स्वतः गेले. ती काय म्हणाली, असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"एवढंच म्हणाली, 'मगे तुमी पोहे कित्याक खाल्ल्यात?'"

वकिलाला कुणी सांगितलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही बोललो नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. त्यानंतर ते ओळखपत्र पुढे धरून चौकशीला जाऊ लागले. दारं बंद व्हायची, अहवाल दीड ओळीत संपायचे. वर्षभरात त्यांनी बदली मागून घेतली. जाताना "येतो, टाईपबुवा," म्हणाले, नेहमीसारखंच.

तो मालवणी माणूस सुटला आणि काही महिन्यांतच चोरी करून पुन्हा आमच्या कोर्टात उभा राहिला. आता गुन्हा पहिला नव्हता. अहवाल कुणी मागवला नाही, त्यामुळे मला टाईप करायलाही काही नव्हतं. मी लवकर कँटीनमध्ये गेलो. पोहे होते. लाज वाटली, पण खाल्ले.